टेंपोलाही चालेल अशी बॅटरी

आमच्या ह्यांना एकाच कामाची वस्तू घरात खपायची नाही. फवारणीच्या पंपाने घराला चुना मारलेला, विहिरीच्या जुन्या पाइपावर माझे कपडे वाळायचे, आणि माहेरून आलेला माझा लाकडी पेटारा तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी खताच्या गोण्यांखाली गेला तो गेलाच. मी बोलायची, भांडायची. बाहेर ह्यांना रतनशेठ म्हणून मान होता, घरात मात्र रोज माझ्याशी जुंपायची. पण माझं ऐकलंय असं कधी झालं नाही. हे आधीच सांगते, कारण बॅटरीचंही तसंच झालं.

डहाणूजवळ, गंजाडच्या रस्त्याला आमची चिकूची वाडी आहे. दोन वर्षांपूर्वी ह्यांना खोकला धरला तो सुटलाच नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, आता पुन्हा मऊ होणार नाहीत. मागच्या पावसाळ्यात ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. गुडघ्याच्या वर येईल एवढं, दिवसरात्र घरघर करणारं. नाकात नळी. नळी पंधरा मीटरची, म्हणजे ओट्यापर्यंत पोचायची, वाडीत नाही. मग हे ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून तुक्यावर ओरडायचे. तुक्या आमचा जुना माणूस, टेंपो तोच चालवतो. ओरडायला श्वास पुरेनासा झाला तसे नुसता हात हलवायला लागले. मला ते बघवायचं नाही.

मशीन विजेवर चालणार, आणि आमच्याकडची लाईट! ती येते हेच उपकार. पहिल्यांदा गेली तेव्हा बाराच मिनिटं गेली, पण तेवढ्यात ह्यांची नखं निळी पडली. दुसऱ्या दिवशी भाड्याचा सिलेंडर आणून कोपऱ्यात उभा केला, पण त्याच्यावर किती वेळ निघणार? आमचा विपुल वापीला कंपनीत आहे, बायकोबरोबर तिथेच राहतो. तो म्हणाला, "आई, इन्व्हर्टर घेऊ. पैशाकडे बघू नका, चांगला घ्या."

डहाणूत चार दुकानं असताना हे निघाले तलासरीला. हायवेवर ऋषभचं दुकान आहे, त्याच्या वडिलांकडून घेतलेली विहिरीची मोटर अजून चालते, म्हणून तिथेच जायचं. सिलेंडर पायांत धरून, नळी नाकात घालून गाडीत बसले. मी म्हटलं, "अहो, मी जाऊन घेऊन येते ना." तर म्हणे, "तुला काय कळतं बॅटरीतलं?"

ऋषभ पोरगा गुणी. "आवो काका, बसा काकी," म्हणून आधी पंखा ह्यांच्याकडे फिरवला. मशीनच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो मी मोबाईलमध्ये काढून आणला होता, तो त्याने मोठा करून वाचला.

"साडेतीनशे वॅट. काका, हे दिव्या-पंख्याचं काम नाही. लाईट गेली तर मशीनला कळताही कामा नये." असं म्हणून त्याने दोन वस्तू दाखवल्या.

एक पांढरा डबा, भिंतीला टांगायचा. लिथियमची बॅटरी आणि इन्व्हर्टर सगळं आतच. पाणी घालायला नको, नटबोल्ट आवळायला नको. "चार तास आरामात चालेल. मशीनपुरती वेगळी लाईन ओढून देतो, त्याच्यावर दुसरं काही लावायचंच नाही. मला विचाराल तर काका, हीच घ्या." दुसरी नेहमीची, मोठी काळी बॅटरी, वर दोन टोकं, शेजारी इन्व्हर्टर. "हीपण चालेल. तीन तास देईल. फक्त हिचं पाणी बघत राहावं लागेल."

मला डबा पटला. आहे ते काम करतो आणि गप्प बसतो, अजून काय पाहिजे? ह्यांनी डब्यावरून हात फिरवला, चारी बाजूंनी बघितला.

"उघडतो कुठून?"

"उघडायचा नाही काका, सीलबंद आहे."

"म्हणजे आतली बॅटरी बाहेर काढता येत नाही?"

"कशाला काढायची?"

"अरे, अडीनडीला टेंपोला लावता आली पाहिजे."

ऋषभ हसला. मी नाही हसले. माझं डोकंच फिरलं. "अहो, श्वास आहे तो तुमचा! त्याच्यात टेंपो कुठून आणलात?"

"एवढी मोठी बॅटरी... घरात नुसती... बसून राहणार का?"

एवढंसं बोलायला दोनदा थांबले. दुकानात अजून तीन-चार गिऱ्हाइकं होती, सगळी आमच्याकडे बघायला लागली. कपाळावर घाम, आणि मला उत्तर द्यायला तोंड उघडून श्वास गोळा करत होते. माझा राग तिथल्या तिथे गेला. एवढं बोलायला ज्याला एवढे कष्ट पडतात, त्या माणसाशी बॅटरीवरून काय भांडायचं? म्हटलं, "घ्या बाबा, काय घ्यायची ती घ्या." काळी आली.

खोटं कशाला बोलू, चालली चांगली. दिवाळीच्या आत एकदा दोन तास लाईट नव्हती, मशीनने हूं की चूं केलं नाही. ह्यांचा चेहरा असा, जशी बॅटरी ह्यांनीच वाडीत पिकवली होती. मग म्हणायला लागले, "तो सिलेंडर देऊन टाक परत. दोन-दोन कशाला?" आणि मी दिला. त्याच्यावर मात्र मी भांडले नाही. तो कोपऱ्यात दिसला की मला घरात दवाखाना आल्यासारखं वाटायचं.

जानेवारीत माल धो धो निघतो. त्या गुरुवारी सत्तर क्रेट भरले. दलालाची दिल्लीची गाडी डहाणूतून चारला सुटायची, त्याच्यानंतरची थेट शनिवारी. झाडावरून उतरलेला चिकू थांबत नाही. शनिवारपर्यंत निम्मा पिकतो, आणि पिकलेला चिकू दिल्लीला कोण घेतो? अडीच वाजता तुक्याने टेंपोला चावी मारली तर नुसतं टक् टक्. बॅटरी बसली होती. आठवडाभर कुरकुरत होती, पण बदलायला फुरसत कोणाला?

तुक्याच्या पाड्यावर लग्न होतं, तोडणीची माणसं जेवणाआधीच हळदीला पळालेली. तुक्या आणि मी, दोघांनी धक्का मारला. अठ्ठावन्न वर्षांची बाई भरलेल्या टेंपोला धक्का मारतेय, तो काय हलणार! तुक्याने तीन ठिकाणी फोन लावले. कोणाची गाडी लग्नाला गेलेली, कोणी फोनच उचलेना. पावणेतीन झाले.

ओट्यावरून ह्यांचा हात हलला. मी जवळ गेले.

"घरातली लाव म्हणावं."

तुक्याने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "शेठ, ती नको."

"लाव म्हटलं ना! गाडी सुरू झाली की... काढून घरात आण."

"शेठ, दलालाच्या वजनकाट्यावर गाडी बंद करायला लागेल. मग परत कशी सुरू होणार?"

"मग घेऊन जा. तासाभराचं काम." एवढं बोलून खोकले, आणि खोकता खोकताच माझ्याकडे बघून म्हणाले, "चार दिवसांत लाईट गेलेली नाही."

खरंच गेली नव्हती. मी आत मशीनकडे बघितलं. घरघर चालली होती. मग क्रेटकडे बघितलं. सकाळी सहापासून मी स्वतः एकेक फळ धुतलं होतं, निवडलं होतं. हात अजून चिकाने चिकट होते. वर्षातला सगळ्यात चांगला माल होता तो.

"ने," मी म्हटलं. "पण सरळ जा नि सरळ ये."

तुक्याने पान्याने दोन्ही टोकं सोडवली. क्रेट ओढायच्या गाडीवर ठेवून दोघांनी बॅटरी ओट्यावरून उतरवली. टेंपोत मागे ठेवून, लांब वायर जोडून चावी मारली तर एका दमात सुरू. ह्यांनी दोन्ही हात वर केले. मला दाखवलं, बघ, सांगत होतो ना. टेंपो फाटकातून गेला.

सव्वातीनला लाईट गेली.

मशीनने एक लांब शिट्टी दिली आणि बंद पडलं. मी कधी एवढी शांतता ऐकली नव्हती घरात. धावत ह्यांच्याकडे गेले. मला म्हणाले, "येईल." मी तुक्याला फोन लावला. तो डहाणूत शिरतच होता, काटा अजून पुढे होता. "तुक्या, फिर! आहेस तिथून फिर!" त्याने काही विचारलं नाही. मग ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन केला. ते म्हणाले निघतो. शेजारच्या वाडीवर केला, तर ती सगळी माणसं त्याच लग्नाला.

मी ह्यांना सरळ बसवलं, मागून धरलं, सदऱ्याची बटणं काढली, पदराने वारा घातला. वाऱ्याने काय होतंय, पण हात थांबेना. देवाला काय काय बोलले ते आठवतही नाही. ह्यांची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि आत काही जात नव्हतं. नखं निळी झाली, मग ओठ. मी म्हणत होते, "तुक्या आलाच बघा, आला, आला."

तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं.

"माल... पोचला?"

टेंपो तेव्हा परत येत होता, सत्तरच्या सत्तर क्रेट घेऊन.

"पोचला," मी म्हटलं. "गाडीत चढला सगळा."

त्यांनी मान हलवली. बरं वाटलं त्यांना, मला दिसलं ते. माझ्या खांद्यावर डोकं होतं, ते जड झालं.

तुक्या आला तेव्हा पावणेचार होत होते. फाटकातूनच पाना हातात घेऊन धावत आला आणि ओट्याच्या पायरीवर थांबला. १०८ची गाडी अजून आलीच नव्हती. दहाएक मिनिटांनी लाईट आली. मशीन आपोआप सुरू झालं, नळी अजून ह्यांच्या नाकात होती. मी डोकं खांद्यावरून अलगद खाली ठेवलं, उठले आणि बटण बंद केलं.

विपुल आणि त्याची बायको दिशा सहाच्या आत पोचले. तोवर ओटा माणसांनी भरला होता. जो तो लाईटच्या नावाने शिव्या घालत होता, आणि मी त्या घालू देत होते. विपुल बापाजवळ बसला, रडला, मग पाणी प्यायला आत गेला. आत इन्व्हर्टरच्या दोन वायरी नुसत्या लोंबत होत्या.

तो बाहेर आला तो ओळखू येत नव्हता. "बॅटरी कुठाय? आई, बॅटरी कुठाय?" कोणीतरी अंगणातल्या टेंपोकडे बोट दाखवलं. विपुलने तुक्याची कॉलर धरली, त्याला भिंतीला टेकवला. "तू काढलीस? माझ्या बापाच्या नाकातला श्वास काढून टेंपोला लावलास?"

शेठने सांगितलं, एवढंच तुक्याला म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. पण समोर शेठ आडवे होते. तुक्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, कॉलर सोडवायलाही हात उचलला नाही त्याने.

मी उठले. "सोड त्याला, विपुल. बाबांनी सांगितलं म्हणून काढली."

"बाबा सांगणारच! बाबांना आपण ओळखत नव्हतो का?" त्याचा आवाज फाटला. "पण तू होतीस ना घरात? जन्मभर त्यांच्याशी भांडलीस, साध्या-साध्या गोष्टीवर भांडलीस. आज काय झालं होतं तुला? आजच 'नाही' कसं म्हटलं नाहीस?"

ओट्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. ह्यांनी ऐकलं नसतं, असं सांगता आलं असतं मला. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

"मलाही माल जायला हवा होता," मी म्हटलं.

विपुलच्या हातातून तुक्याची कॉलर सुटली. तो माझ्याकडे आला नाही, दिशाही आली नाही. मी परत ह्यांच्या उशाशी जाऊन बसले.