अडकलेली सेहेचाळीस पत्रं

मीना जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. घर मेंढपाळांचं. फावल्या वेळात ती मेंढपाळांसाठी एक मेलिंग लिस्ट चालवायची. एका पत्त्यावर ई-मेलने पत्र टाकलं की साडेतीनशे जणांना जायचं. त्यात मेंढरं राखणाऱ्या घरांतली शिकलेली मुलं होती, जनावरांचे डॉक्टर होते. फोनवरच्या ग्रुपात सुप्रभातच्या चित्रांखाली कामाची गोष्ट बुडायची, म्हणून हा खटाटोप. दिवाळीत तिने सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. त्यानंतर लिस्ट शांत झाली. कापूस वेचणीचे दिवस, लोक कामात असतील, असं ती समजली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत राजूरहून आबारावांचा फोन आला. पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेले, लिस्टवरचे सगळ्यांत जुने. तीन पत्रं टाकली, एकही परत दिसलं नाही, म्हणाले.

मीनाने स्वतः एक चाचणीपत्र पाठवलं. मिनिटाभरात ते आबारावांना मिळालं. मग त्यांना पाठवायला सांगितलं. ते आलंच नाही. तिचं जातं आणि त्यांचं जात नाही, हे काही केल्या तिच्या ध्यानात येईना. डबा तसाच ठेवून ती कॅन्टीनबाहेर येरझाऱ्या घालत राहिली. पुन्हा आत आली, सर्व्हरची सेटिंग उघडली, पत्ते तपासले, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. काही फरक नाही. शेवटी तिने सर्व्हरची नोंदवही ओळीओळीने वाचायला घेतली. आबारावांचं पत्र आलं होतं, घेतलं गेलं होतं, आणि पुढच्या ओळीत लिहिलं होतं: मंजुरीसाठी रोखलं.

हलवताना सभासदांची सेटिंग बदलली होती. प्रत्येकाचं पत्र आता मंजुरीची वाट पाहत थांबत होतं. लिस्टची चालक म्हणून तिचं तेवढं थेट जात होतं. आणि पत्र थांबल्याची सूचना जायची ती जुन्या सर्व्हरवरच्या एका पत्त्यावर, जो तिने स्वतःच बंद केला होता.

रोखलेल्या पत्रांची खिडकी तिने उघडली. सेहेचाळीस होती.

सतरा दिवसांपूर्वीचं एक धावडा गावच्या भुजंगचं होतं. कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन मेंढ्या धडाधड पडू लागल्या आहेत, तोंडाला फेस आहे, काय करावं, जल्दी सांगा. कोवळ्या फुटव्यांतल्या विषावर इंजेक्शन होतं. लिस्टवरच्या सात-आठ डॉक्टरांना ते माहीत होतं.

तिने भुजंगला फोन लावला. अकरा मेंढ्या गेल्या, असं त्याने सांगितलं. दवाखान्यातला डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलेला.

"मला वाटलं, आमचं पत्र कुणी वाचतच न्हाई," तो म्हणाला.

"कुणाला गेलंच न्हाई, भुजंगभाऊ. माझ्या हातून सेटिंग चुकली. तपासायला पायजे होतं, न्हाई तपासलं."

"मंग आता बाकीच्यांना तरी कळवा," तो म्हणाला. "अजून लई ठिकाणी फुटवे उभे हायेत."

तिने सेटिंग बदलली, सूचनेचा पत्ता आपला टाकला, दुसरा आबारावांचा. मग फुटव्यांची धोक्याची सूचना लिहिली आणि तिच्या वर, पहिल्याच ओळीत, आपली चूक. पाठवण्याआधी ती ओळ तिने दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली. मग सेहेचाळीस पत्रं एकेक करून सोडली. संध्याकाळपर्यंत चार गावांतून कळपाची वाट बदलल्याची उत्तरं आली. तरी तिचा हात सारखा फोनकडे जात होता.

रविवारी ती स्कूटीवर धावड्याला गेली. भुजंग कळपामागे गेला होता. त्याची आई गोजरबाई मेंढ्यांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. आई मेलेलं कोकरू ते. मीना समोर बसली आणि जे झालं ते पुन्हा सगळं सांगितलं.

गोजरबाईने बाटली तिरकी धरली.

"सुई मिळाली असती तर सारी वाचली असती का?"

"सारी न्हाई, मावशी," मीना म्हणाली. "पण काही वाचली असती."

गोजरबाईने मान हलवली. कोकराने बाटली रिकामी केली, तशी तिने ते मीनाच्या मांडीवर ठेवलं आणि दुसरी बाटली भरायला आत गेली.