मागचा खांब

नदीतल्या जुन्या गोल खांबाच्या मागे, प्रवाहाच्या आडोशाला, नवा लोखंडी खांब रोवायचा होता. त्यावर पूल, आणि पुलावरून माणसं चालणार. खांब तिथे तगेल की नाही, हे इंजिनिअरबाईंनी आज संध्याकाळपर्यंत सही करून सांगायचं होतं. साहेब जन्मात कधी गुडघाभर पाण्यात उतरले नव्हते, पण खात्री त्यांना आधीपासूनच. "पुढचा मार खातो, मागचा सुखात. त्यात काय एवढं?"

प्रयोगशाळेतल्या काचेच्या लांब टाकीत पाणी वाहत होतं. त्यात खांबांच्या जागी दोन पितळी नळ्या, एकीमागे एक, स्प्रिंगांवर टांगलेल्या. वेग वाढवला की पुढची जराशी हलायची. मागची मात्र ढिम्म. तीन दिवस हेच. आकडे साहेबांना हवे तसे येत होते आणि बाईंना नेमकं तेच खटकत होतं. पुढच्या नळीमागे पाणी भोवरे सोडतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ते मागचीवर आदळणारच. मग ही एवढी शहाण्यासारखी कशी उभी?

शेवटी त्यांनी वर हात घालून चाचपलं. मागच्या स्प्रिंगजवळचा स्क्रू करकचून आवळलेला होता.

"मिस्त्रीकाका, हा कोणी आवळला?"

"मीच की," टाकी बांधणारे मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळी आवळतो. थरथरत होती हो, ताई. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला साधं काम धड जमत नाही."

बाईंना हसूही आलं आणि रागही. हा माणूस निवृत्तीला टेकला, पण थरथर मोजायलाच ही टाकी आहे, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

"काका, ती किती हलते, हेच तर बघायचंय. तुमचं काम चोख आहे. सोडा तो स्क्रू."

मिस्त्रींनी नाखुशीने स्क्रू सैल केला. वेग वाढवला. पुढची नळी थोडी हलून शांत झाली. मागची डोलायला लागली, वेगाबरोबर आणखी डोलली, आणि शेवटी काचेवर खणखण आपटू लागली.

बाईंनी साहेबांना फोन लावला. "तिथे खांब नको. मी सही करणार नाही." साहेब कुरकुरले, पण बाईंना फार हायसं वाटलं.

फोन ठेवून त्या वळल्या तर मिस्त्री कपाटापाशी उभे होते. चेहरा पार उतरलेला, हातात गेल्या वर्षीची फाइल.

"ताई, हा बोटींचा धक्का बांधून झाला ना?" त्यांनी विचारलं. "याच्याही नळ्या मीच आवळल्या होत्या."