जाड, तिरका आणि वैतागलेला टंक

मित्रांनो, मी एक जुना टंक आहे. म्हणजे छापखान्यातल्या एकाच वळणाच्या अक्षरांचा संच. अंगाने जाड, उजवीकडे कललेला आणि टोकाटोकाला चौकोनी ठोकळे. जड बूट घालून, वाऱ्यात पुढे वाकून कोणी तरातरा निघावं, तसा मी दिसतो. एका सुताराने मला लाकडात कोरलं. कोरताना तो गुणगुणायचा, म्हणून माझ्या वेलांट्यांना अजून थोडा झोका आहे.

माझं काम एकच, लांबून हाक मारणं. सर्कस आली, शर्यत आहे, पुढे खड्डा आहे. एक-दोन शब्द, बस्स. पण लोकांनी मला दवाखान्याच्या वेळांना जुंपलं, भाड्याच्या पावत्यांना जुंपलं. एकदा तर निधनवार्तेला. गेलेले आजोबा शर्यतीला निघाल्यासारखे दिसत होते.

त्या सकाळी मात्र हद्द झाली. नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं होतं. पाणीखात्याचे साहेब धापा टाकत सूचना छापायला आले. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या अक्कांनी विचारलं, "यातलं ठळक काय करू?"

"सगळंच करा. सगळंच महत्त्वाचं आहे."

"साहेब, सगळेच ओरडले तर ऐकायचं कोणी?"

"अक्का, वाद नको. दुपारपर्यंत भिंतींवर लागलं पाहिजे."

अक्का कामाला लागल्या. 'जाहीर सूचना', 'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की', खात्याचं नाव, साहेबांचं पद, जिथे तिथे मीच. आता लाकडी अक्षरं काही वाळूसारखी उपसता येत नाहीत. माझ्याकडे 'क' मोजून पाच. शेवटच्या ओळीपर्यंत 'क' संपले, 'ळ' संपले. मग 'पाणी उकळून प्या' ही ओळ तळाशी बारीक शिशाच्या खिळ्यांत बसली. मी लाकूड असूनही चरफडलो.

पहिला कागद निघाला. अक्कांचे धाकटे दीर छापखान्यात मुद्रितं तपासायचे; ते नुकतेच येऊन पोचले होते. त्यांनी नळावर पेला भरला आणि कागद न्याहाळला. "वा वहिनी, काय भारदस्त झालंय." पेला ओठाशी गेला.

"भाऊजी, तळाशी काय लिहिलंय?"

"तळाशी? आपल्या छापखान्याचा पत्ता असणार, दुसरं काय."

अक्कांनी पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला. "साहेब, या माणसाचा जन्म छापलेलं वाचण्यात गेला. बाकीच्यांचं काय होईल?"

साहेबांनी चष्मा चढवून तळची ओळ वाचली. मग हळूच म्हणाले, "जुळवलेलं सोडवा सगळं. पुन्हा जुळवा."

बाकी मजकूर साध्या अक्षरांत गेला. मधोमध फक्त मी, तीन शब्द. दुपारी चौकातल्या नळाला ओंजळ लावणारी एक मुलगी समोरची भिंत पाहून थबकली आणि ओल्या हातांनीच घरी पळाली. "आई, पाणी उकळायला ठेव."

मित्रांनो, आता मी तुमच्या संगणकातही राहतो. तिथे अक्षरं संपतच नाहीत, याचीच मला जास्त धास्ती वाटते. पानभर मला उभं करू नका. कोणता शब्द नजरेतून सुटला तर कोणाला इजा होईल, ते आधी ठरवा. तेवढ्याच शब्दापाशी मला बोलवा. काम झालं की खणात परत ठेवा. उरलेला वेळ गप्प बसायला मला फार आवडतं.