थंडरबर्डचे पळते दिवे

जयवंत राण्यांनी गाडी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आणली ती टोइंगवाल्याकडून ओढून. इंजिन ठणठणीत होतं, पण जानेवारीपासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

गाडी १९६६ सालची अमेरिकन थंडरबर्ड. जयवंतकाका ज्या फिल्म वितरकाकडे ड्रायव्हर होते, त्याने धंदा गुंडाळताना ती त्यांनाच देऊन टाकलेली. तिच्या मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल काच होती. वळताना त्या काचेआड तीन दिवे एकामागून एक लागत जायचे, आतून बाहेर, जिकडे वळायचं तिकडे.

"तेवढे इंडिकेटर कर. बाकी कशाला हात लावू नको," ते संघमित्राला म्हणाले.

संघमित्रा ऑटो इलेक्ट्रिशियन. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोकरी सोडून तिने हा गाळा घेतला होता. नव्या गाड्यांचं वायरिंग तिला पाठ होतं, पण एवढी जुनी गाडी तिने कधी उघडली नव्हती.

"इंडिकेटरसाठी टोइंग कशाला, काका? चालवत आणायची ना."

मग जयवंतकाकांनी सांगितलं. गाडी परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. दिवे बंद पडल्यावर उजवीकडे वळताना हात दाखवायची सोय नव्हती. म्हणून शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जानकीकाकू खिडकीतून हात बाहेर काढायच्या. चकाल्याला वळताना एक रिक्षा उजवीकडून घुसली आणि त्या हातावर आदळली. खांदा मोडला. प्लास्टर निघालं, पण उजवा हात अजून वर जात नव्हता.

"मीच सांगायचो गो तिला, हात काढ म्हणून," काका म्हणाले. "आता दिवे लागल्याशिवाय मी चालवणार नाय."

संघमित्राला काम सोपं वाटलं. तिने दिवे ओळीने लावणारं एक छोटं सर्किट बनवलं, डिकीत बसवलं आणि काकांना बोलावून घेतलं. दिवे पळाले. काका हसणार, एवढ्यात डिकीतून जळका वास आला. जुने बल्ब भरपूर करंट ओढत होते, ते सर्किटला झेपलं नाही. तिने घाईघाईने बॅटरीची वायर काढली.

काकांनी डिकीत वाकून काळं पडलेलं सर्किट पाहिलं. "ऱ्हावदे. मुलगी म्हणते विकून टाका. विकतो."

"आठ दिवस द्या मला."

"कशाक उगाच..."

"काका, मी बसवलेलं जळलंय. असं अर्धवट सोडून मी गाडी देणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने डिकीच्या अस्तरामागची, दिवे पळवणारी मूळ पत्र्याची डबी बाहेर काढली. आत एक चिमुकली मोटर होती आणि तिच्या दांड्यावर तीन चकत्या. चकतीवरचा उंचवटा फिरत आला की पितळी पट्टी दाबली जायची आणि एक दिवा लागायचा. ग्रीस गुळासारखं घट्ट झालं होतं. तिने ते रॉकेलने धुतलं, पट्ट्यांवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने घासली. मोटर कुरकुरत फिरली. पण मधल्या चकतीचा उंचवटाच तुटून गेला होता.

ती चकती घेऊन संघमित्रा मागच्या गल्लीत किरणकडे गेली. त्याचं लेथवर टर्निंग करायचं वर्कशॉप होतं.

"प्लॅस्टिकची करतो, झटपट होईल," किरण म्हणाला.

"गरम होऊन वितळली तर? फायबरची कर."

"एक चकती, त्यात एवढी कटकट, यार."

"कर ना रे."

त्याने केली. पहिली जाड झाली आणि अडकली. दुसरी बसली. संघमित्राने सगळं जोडून स्विच दाबला, तर तिन्ही दिवे एकदम लागले आणि बाहेरून आत विझत गेले. म्हणजे गाडी उजवीकडे वळणार आणि दिवे डावीकडे पळणार. ती तशीच डिकीच्या कडेवर बसून राहिली. चहा आला, तो तिथेच गार झाला. मग तिच्या लक्षात आलं की मोटर उलटी फिरतेय. जोडताना तिने दोन वायरींची अदलाबदल केली होती.

शनिवारी भरदुपारी जयवंतकाका आले, सोबत जानकीकाकूही. काकू गाडीजवळ आल्याच नाहीत. दूर, मागून येणारी रिक्षा जिथे असेल तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

संघमित्राने उजवीकडचा इंडिकेटर दिला.

"पहिले दोन दिसतात. तिसरा उन्हात दिसत नाही."

"लागलाय तो, काकू."

"लागला असेल. मला दिसत नाही."

काका काहीतरी बोलणार होते, संघमित्राने त्यांना हातानेच थांबवलं. तिने दिव्यांवरची लाल काच काढली. आतला चकचकीत पत्रा मातकट झाला होता आणि तिसऱ्या बल्बच्या बुडाशी गंज होता. तिने गंज खरवडला, पत्रा पुसून लख्ख केला, काच साबणाने धुतली. काकू सगळा वेळ उन्हातच उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

पुन्हा स्विच दिला. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन.

"आणखी मागे जाते," काकू म्हणाल्या आणि पार कोपऱ्यावरच्या टेम्पोपर्यंत गेल्या. तिथून त्यांनी डावा हात वर केला. दिसत होतं.

परत येऊन त्यांनी पुढचं उजवं दार उघडलं आणि सीटवर बसल्या. जयवंतकाका दाराजवळच घुटमळले. "मागे बसलीस तरी चालेल."

"मागे बसून तुमच्याशी ओरडत बोलू? चला, भूक लागली."

काकांनी गाडी सुरू केली. संघमित्रा गेटपर्यंत चालत गेली. गाडी उजवीकडे वळायला थांबली, दिवे पळू लागले, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न न देता थांबून राहिला. वळून झाल्यावर काकांनी खिडकीतून डोकं काढलं.

"ग्रीस परत कधी बघायचं?"

"दिवाळीनंतर आणा," ती म्हणाली. "चालवत आणा."