दिव्याच्या पंख्याचं तेल

पंख्याखालचा दिवा पेटलेला, दिव्यावरचं नळकांडं तापलेलं, पण पंखा काही फिरेना. केराबाईनं पात्याला टिचकी मारली. पातं अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. खाटेवर तिचा नवरा सिदू उशीला टेकून श्वास ओढत होता. सोलापूरचा मे महिना आणि गिरणीच्या कापूसधुळीनं भरलेली छाती. वारा नसला की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

पंखा वकिलांच्या घरचा. त्यांच्याकडं वीज आली आणि जुना पंखा भांडी घासणाऱ्या केराबाईला मिळाला. रॉकेलच्या ज्योतीवर वारा देणारं हे अजब यंत्र बघायला सगळी चाळ लोटली होती. विस्तवातून वारा निघतोच कसा, हे कुणाला म्हणून उमगेना. केराबाई त्या फंदात पडली नाही. वात कातरायची, काजळी पुसायची आणि वकिलीणबाईंनी बजावल्याप्रमाणं सांध्यात रोज तेल सोडायचं, एवढं ती इमानानं करायची.

शेजारचा महिपती गिरणीत फिटर होता. त्यानं येऊन पंखा खोलला. सांध्यातला पिवळा चिकट थर नखानं खरवडून हुंगला.

"काकी, ह्यात काय घालताय?"

"तेल की."

"कंचं?"

"कंचं म्हंजे? करडीचं. ताजं, घाण्यावरचं."

महिपतीला हसू आवरेना. "अवो, वाळून पार डिंक झालाय त्येचा. मशिनीचं तेल निराळं असतंय."

"खायच्या तेलापरास चांगलं असतंय व्हय ते?" केराबाई फणकारली.

सिदूनं मान उचलली. जन्मभर गिरणीत त्यानं मशिनींना तेल घालायचंच काम केलं होतं.

"कवा घालत हुतीस?"

"तुमचा डोळा लागल्यावर."

"आन आपल्या घरात एवढं तेल कुटनं आलं?"

केराबाई वात सारखी करू लागली. "मला तेलकट सोसत न्हाय आताशा," ती म्हणाली.

सिदूला तिचा राग आला, आणि भरूनही आलं. दोन्हीला पुरेल एवढा दम छातीत नव्हता.

महिपतीनं सांधे रॉकेलनं धुतले, मशिनीचं तेल सोडलं. टिचकी मारताच पंखा फिरू लागला. सिदूची धाप हळूहळू खाली बसली.

महिपती गेल्यावर केराबाईनं दोघांची ताटं केली. तिच्या ताटात भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी. सिदूनं तेलाची बाटली मागून घेतली, तिच्या चटणीत बोटानं खळगा केला आणि तेल ओतायला लागला.

"पुरं की," ती म्हणाली.

"गप. किती घालायचं ते मला कळतंय."

खळगा काठोकाठ भरला. केराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून जेवू लागली.