सोन्यावरचे जुळे रेणू

"चित्रात आधी आपली सुई दिसते, मग रेणू," साधना मॅडमनी पुण्याच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि कामाला लागले, बस.

आमचं काम असं. सोन्याच्या सपाट तुकड्यावर चुंबकासारखे वागणारे रेणू ठेवायचे. मग हवा काढून घेतलेल्या भांड्यात, कडाक्याच्या थंडीत, टोकाशी जेमतेम एक अणू असलेली सुई त्यांच्यावरून न टेकवता फिरवायची. मधून झिरपणाऱ्या विजेवरून संगणक चित्र काढतो. एकेक रेणू म्हणजे एकेक चुंबक. धातूवर बसल्यावर तो शाबूत राहतो का, एवढाच प्रश्न.

बाळंतपणासाठी मी आखाडा बाळापूरला माहेरी आले. मागं यंत्रापाशी माझी ज्युनिअर, ऐश्वर्या. ती चित्रं मेल करायची आणि लोडशेडिंग नसलं की बाबा कळमनुरीच्या नेट कॅफेतून प्रिंट आणायचे. यावेळी प्रत्येक चित्रात रेणू जोडीजोडीनं बसलेले! आम्ही लेख लिहूनच टाकला. ऐश्वर्याचा पहिलाच. दोनच दिवसांत तो जर्नलकडे जायचा होता.

माझं बाळ, आयुष, मांडीवर निजलं होतं. श्वास चालू आहे ना, म्हणून मी सारखी त्याच्या नाकापुढं बोट धरायची.

"अगं, निजू दे की लेकराला," आई म्हणाली. "तुझ्या बोटानंच जागं होऊन राहिलं ते." मग प्रिंट बघून, "हे काय, ज्वारी सांडली व्हय?"

"रेणू आहेत, आई. जुळे."

"सगळेच? जुळी केळी खाल्ली का काय त्याईनं!"

मी हसले, पण प्रिंट खाली ठेववेना. सगळ्या जोड्या एकाच दिशेला कललेल्या. कोपऱ्यात कचऱ्याचा एक वेडावाकडा कण, आणि शेजारी, तेवढ्याच अंतरावर, तसाच दुसरा. कचऱ्याला कुठलं आलंय जुळं? सुईलाच दोन टोकं झाली होती. एकच रेणू ती दोनदा दाखवत होती.

गच्चीवर रेंज मिळते. तिथून फोन लावला.

"ताई, असं नका ना म्हणू." ऐश्वर्या रडायलाच लागली. "मी घरी सांगून बसलेय, लेख येणार म्हणून."

"लेख थांबव. रेणू कुठं पळाले नाहीत. सुईला विजेचे झटके दे, टोक सुधारेल."

"आणि रेणू तुटकेच निघाले तर?"

"तुटके असते तर ठिपके लहानमोठे आले असते. हे एकसारखे आहेत. बघ तर खरं."

ती नाक ओढत "बघते" म्हणाली.

आज दुपारी बाबांनी नवी प्रिंट आणली. गोल, एकेकटे ठिपके. खाली तिनं लिहिलंय, "शाबूत दिसताहेत, ताई!" पण एका चित्रावर लेख होत नाही, आणि यंत्र थंड ठेवणारं हेलियम संपत आलंय. ते संपेपर्यंत ऐश्वर्या यंत्रापासून उठणार नाही, मला माहीत आहे. फोनही बंद करून बसली आहे.

तुम्ही पुण्यात असाल, तर आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरात, यंत्राच्या खोलीत जरा डोकावून या. दार हळू लोटा, सुई हलते. पोरगी जेवली का, तेवढं बघा.