निवडलेल्या तांदळातला खडा

जेवायला बसलं की माझ्या जबड्याखाली, डाव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ यायची. पहिल्या घासाला फुगायची, ठणकायची आणि जेवण आटोपलं की हळूहळू ओसरायची. माझी लेक माया नेमकी तेव्हाच मांडीवर चढून ती गाठ बोटानं दाबायची आणि खुदकन हसायची. दुखायचं, पण त्या हसण्यापुढे तिचा हात बाजूला करवायचा नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरबाईंनी जिभेखाली बोट घालून चाचपलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, लाळेच्या नळीत खडा झालाय. जेवताना लाळ सुटते, वाट अडलेली, म्हणून गाठ फुगते.

"म्हंजे मुतखडा?" मायाला कडेवर घेऊन दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं. "थो तोंडात कसा चढला व बाई?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. खडा बारीक आहे, नळीच्या तोंडाजवळ आहे, म्हणाल्या. आधी आंबट चोखा, भरपूर पाणी प्या, शेका, मागून पुढे बोटानं चोळा. लाळेच्या लोंढ्यानं सटकला तर काही कापावं लागत नाही. पण खात्री नाही, आणि ताप आला, पू झाला तर लगेच यायचं. नाहीच सटकला तर जिभेखाली छोटा छेद. संभाजीनगरला दुर्बिणीनंही काढतात, पण लेकराला घेऊन तिथे जाणं-राहणं आलं. आणि गाठ वारंवार पिकायला लागली तर मानेवर चीर देऊन लाळेची ग्रंथीच काढायची.

"त्यात ओठाची एक कड काही दिवस लुळी पडू शकते. क्वचित कायमची."

मी मायाकडे पाहिलं. ती अजून बोलत नाही. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघते, मी ओठ मिटले की आपलेही मिटते. लुळ्या ओठानं तिला 'पापा' कसं शिकवू? मी लिंबू निवडलं.

"लिंबू?" सासूबाईंनी जीपमध्येच विषय काढला. "लेकरू अंगावर पेते अजून. तू आंबट खाशीन तं तिच्या छातीत कफ होईन."

"आई, मी विचारलं डॉक्टरबाईले. काही होत नाही म्हणे."

"तिले लेकरं हायेत का?"

"मले काय मालूम!"

"मंग?"

आमचं गाव धाड येईपर्यंत अख्ख्या जीपला माझ्या तोंडातला खडा पाठ झाला.

घरी प्रसेनजित मोबाईल घेऊन बसला. "दुर्बिणीचं बरं वाटते. पण लिंबूही बरं हाये. पण ग्रंथीच काढली तं कटकटच नाही."

"तुमच्या तोंडातली काढा मंग."

"मी फक्त सगळ्या बाजू सांगून राह्यलो."

"आईले एक बाजू सांगा."

"थे तूच सांग," असं म्हणून नवरा माझा मोटरसायकल पुसायला गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या भावानं, पुंजाजीमामांनी, पानफुटीची पानं पाठवली. त्यांचा मुतखडा त्यानंच पडला म्हणे.

"आई, थो खडा येगळा, हा येगळा."

"खडा म्हंजे खडा."

पानं माझ्या ताटात आली आणि लिंबं सगळ्यात वरच्या फळीवर गेली. एकदा चोरून फोड चोखली, तर त्याच दुपारी मायाला शिंक आली. एकच शिंक!

"पाह्यलं?" सासूबाई म्हणाल्या.

मग गाठ ओसरायलाही वेळ लावू लागली. एका दुपारी ठणक्यानं कावून मी ताट सरकवलं. सासूबाई उठल्या, कैरी चिरली, तिखट-मीठ लावलं आणि माझ्यासमोर फतकल मारून बसल्या.

"खायाचं नाही. पाह्य फक्त."

आणि स्वतः खाऊ लागल्या. एक डोळा मिटून, टाळ्यावर जीभ वाजवत, बोटं चोखत. मी चिडून मान फिरवली.

"इकडं पाह्य!"

तोंडाला पाणी सुटलं ते सुटतच राहिलं. गाठ टम्म फुगली, डोळे भरून आले. "चोळ, चोळ!" तोंडात कैरी धरूनच त्या ओरडल्या. मी मागून पुढे चोळत राहिले.

हा रोज जेवणाआधीचा कार्यक्रम झाला. दात आंबून त्यांना भाकर चावेना, ती दुधात कुस्करून खाऊ लागल्या. पण मला फोड मिळाली नाही.

अशाच एका कैरीनंतर भात खाताना जिभेखाली काहीतरी टोचलं आणि दाताखाली कचकन वाजलं. मी बोटावर काढलं. पिवळसर, कणीएवढं.

"आई, भातात खडा."

सासूबाईंचा हात थांबला. गावात कुठे पंगत असली की तांदूळ निवडायला सासूबाईच, सगळ्यांच्या बेबीताईच, लागतात.

"माह्या भातात?"

त्यांनी तो तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला, नखानं खरवडला.

"हा माह्या तांदळातला नाही. तुह्या तोंडातला हाये!"

"राहू द्या आई, होते एखाद्या वेळी," म्हणत मी पुढचा घास घेतला आणि थांबले. आणखी एक घेतला. जबड्याखाली काहीच फुगलं नाही. माया मांडीवर चढली, सवयीनं बोट लावलं. गाठ सापडेना, तशी माझ्याकडे रागानं बघू लागली. मी ओठ मिटून उघडले.

"पापा."

तिनंही मिटले.

डॉक्टरबाईंना फोन लावला. एकदा दाखवून जा, म्हणाल्या, आणि तोवर आंबट चालू ठेवा. मी मुद्दाम स्पीकरवर ऐकवलं.

"चालू हाये म्हणा," सासूबाई फोनकडे तोंड करून म्हणाल्या, आणि कैरी चिरून माझ्यासमोर बसल्या.

"इकडं पाह्य."